घोडी, अंडील की खच्ची? पहिला घोडा घेणाऱ्यांसाठी

मार्गशीर्ष लागला की तापीकाठच्या सारंगखेड्याहून बातम्या यायला लागतात. एकमुखी दत्ताची यात्रा, घोडेबाजार, चेतक महोत्सव, आणि मग ती ठरलेली बातमी: अमुक घोड्याची किंमत इतके कोटी. सोबतच्या फोटोत मान कमानीसारखी ताणलेला, तुकतुकीत अंगाचा नर असतो. तो फोटो पाहून "आपल्याही शेतावर एक असावा" असं वाटणारे दरवर्षी थोडेफार वाढतात. ते बाजारात जातात, रंग बघतात, उंची बघतात, भोवरे मोजतात, चाल बघतात. नर घ्यायचा, मादी घ्यायची की खच्ची केलेला, हा प्रश्न मात्र बऱ्याचदा व्यवहार झाल्यावर सुचतो. पुढची पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी त्या जनावराच्या जवळ जायचं असेल, तर रंगापेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

## आधी तीन शब्द

वृषण शाबूत असलेला नर म्हणजे अंडील घोडा. वृषण शस्त्रक्रियेने काढून टाकलेला नर म्हणजे खच्ची घोडा. बाजारात आख्ता हा शब्दही कानावर पडतो. आणि तिसरी घोडी. एवढी परिभाषा पुरे.

शेतकरी घरातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. खोंड दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला बडवतात, मग तो औताला शांतपणे चालतो. गावच्या वळूला कुणी नांगराला जुंपत नाही. शर्यतीचे खिलार मात्र बहुतेक अंडील ठेवतात, कारण तिथे हवा असतो तो आवेश आणि सांभाळायला असतात चार पोरं. घोड्याचंही गणित हेच. गंमत अशी की जो माणूस प्रत्येक खोंड न विचारता बडवून घेतो, तोच घोड्याच्या बाबतीत "छे, कशाला" म्हणतो. इथेच आपलं घोडं पेंड खातं.

## अंगात नेमकं काय चालू असतं

अंडील घोड्याच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. हा निरोप मानेला जाड करतो, स्नायू भरतो, आणि डोक्याला सांगत राहतो: माद्या कुठे आहेत बघ, दुसरा नर जवळ येऊ देऊ नकोस. म्हणून अंडील घोडा चालताना थांबून लीद हुंगतो, वरचा ओठ उलटवून वास घेतो, लांबून खिंकाळतो, खरारा करताना दंडाला दात लावतो. यात खोडसाळपणा नाही, ते त्याचं कामच आहे. अडचण एवढीच की तुम्हाला त्याच्याकडून वेगळं काम हवंय आणि त्याचं अर्धं लक्ष सतत दुसरीकडे आहे.

टेस्टोस्टेरॉनला चुलीतला जाळ समजा. खच्ची करणं म्हणजे जाळ ओढून घेणं. रक्तातली पातळी एक-दोन दिवसांतच खाली येते. पण जाळ काढला तरी भांडं काही वेळ गरम राहतं. वागणं निवायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि काही घोड्यांत ते पुरतं निवत नाही, कारण चावणं आणि अंगावर येणं ही त्यांनी शिकलेली सवय झालेली असते. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याची पाहणी केली, तेव्हा दोन वर्षांच्या आत खच्ची केलेल्यांपैकीही २० ते ३० टक्के घोडे नराच्या काही लकबी दाखवत होते. माणसाच्या अंगावर येणारे मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे खच्ची केला की गाय होतो असं नाही. उरलेलं काम शिस्तीचं, आणि ते मालकाला किंवा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारालाच करावं लागतं.

घोडीची गोष्ट वेगळी. तिच्यात सततचा जाळ नाही, घड्याळ आहे. हे घड्याळ २१-२२ दिवसांचं. त्यातले साधारण ५ ते ७ दिवस ती माजावर असते, उरलेले १४-१५ दिवस नसते. माजावर असताना शेपूट बाजूला धरते, मागचे पाय फाकवून थोडं थोडं मुतते, दुसऱ्या घोड्यांकडे ओढ घेते, काही जणी कुशीला हात लावू देत नाहीत. माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी अंडं सुटतं. माज उतरला की तीच घोडी जवळ आलेल्या नराला कान मागे टाकून किंचाळते आणि लाथ झाडते.

हे घड्याळ दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवस मोठे झाले की जोरात, हिवाळ्यात मंद किंवा बंद. युरोपात हा हिवाळी विराम स्पष्ट असतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांत फरक कमी, त्यामुळे विराम तोकडा आणि काही घोडींच्या बाबतीत तो जाणवतही नाही. इंग्रजी पुस्तकातलं वेळापत्रक इथे तसंच्या तसं लावू नका. आपल्या घोडीचं आपण टिपावं.

## मग आपल्याकडे खच्ची घोडा दिसत का नाही

ब्रिटन-अमेरिकेत हौशी मालकाचा घोडा म्हणजे गृहीतच खच्ची. तिथे अंडील ठेवतो तो पैदास करणारा. आपल्या यात्रांत नेमकं उलट: रांगेत अंडील आणि घोड्या, खच्ची शोधावा लागतो. याची कारणं पैशात आहेत. मारवाडी, काठेवाडी किंवा नुकरा जातीचा देखणा अंडील लोकांच्या घोड्या लावून कमाई करतो. वरातीत, मिरवणुकीत नाचवायला मानेचा तोरा लागतो, तो अंडीलमध्ये जास्त. आणि पुढचा गिऱ्हाईक वृषण बघून भाव करतो. एकदा काढले की तो भाव परत येत नाही.

शिवाय भाषा आडवी येते. वर्तमानपत्रात कार्यकर्त्यांचं खच्चीकरण होतं, विद्यार्थ्यांचं मनोबल खच्ची होतं. ज्या शब्दाला इतका काळा रंग लागलाय, तो आपल्या लाडक्या घोड्याच्या मागे कोण लावून घेईल?

पण ही काही सगळ्या जगाची रीत नाही. मंगोल घोडेस्वार पिढ्यान्‌पिढ्या खच्ची घोड्यावरच बसत आले. अरबस्तानातल्या भटक्या बेदुइन टोळ्या छाप्याला घोडी नेत, कारण शत्रूच्या तळाजवळ ती खिंकाळून घात करत नसे. वंशही ते आईच्या बाजूने मोजत. स्पेनमध्ये आजही अंडीलवर रपेट करणं नवलाचं नाही. म्हणजे आवड ठरते ती कामावरून आणि सांभाळायच्या सोयीवरून. "घोडा असा, घोडी अशी" हे सरसकट बोलणं त्यानंतर येतं.

## "खच्ची केला की दम जातो"

हा सगळ्यात जुना आक्षेप. मानेचा फुगवटा आणि थोडा स्नायू कमी होतो, हे खरं. दम फुप्फुसांचा, हृदयाचा आणि सरावाचा असतो; तो वृषणांबरोबर जात नाही. इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही चार मैलांहून लांब, तीस अडथळ्यांची शर्यत रेड रम या घोड्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली. तो खच्ची होता. अमेरिकेत केल्सो १९६० ते १९६४ सलग पाच वर्षं वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. तोही खच्ची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे शिकवलेल्या तालबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सुवर्ण मिळवणारा व्हॅलेग्रोही तसाच.

मग एप्समच्या डर्बीत खच्ची घोड्याला मनाई का, असं रेसचे शौकीन विचारतात. कारण ती शर्यत पुढच्या पिढीचे आई-बाप निवडण्यासाठी आहे. ज्याला पिल्लं होणार नाहीत त्याला निवडून करायचं काय? त्याच्या दमाशी या नियमाचा संबंध नाही.

एक बारीक गोष्ट जाता जाता. लवकर, म्हणजे वर्षाच्या आत खच्ची केलेला घोडा किंचित उंच होतो, कारण लांब हाडांच्या टोकांची वाढ थोडी उशिरा थांबते. उंचीवर भाव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

## "घोड्या लहरी असतात"

या वाक्याने फार घोडींचं नुकसान केलं आहे. २०१९ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वारांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा काम कुठलंही असो, लोकांचा कल खच्चीकडे आणि घोडीविरुद्ध दिसला. कल आधीच ठरलेला असला की पुढे काय होतं? खच्ची घोडा अडला तर मालक म्हणतो, काहीतरी दुखत असेल. घोडी अडली तर म्हणतो, आज हिचा मूड नाही. दुखणं तेच, पण डॉक्टर एकाच्याच वाट्याला येतो.

म्हणून घोडी "लहरी" वाटली तर आधी वही काढा. रोज दोन ओळी: माजाची लक्षणं होती का, आणि वागणं कसं होतं. दोन महिने टिपलं की चित्र स्वच्छ दिसतं. त्रास दर तीन आठवड्यांनी, पाच-सहा दिवस येऊन जात असेल तर तो माजाचा. त्या दिवसांत नवं काही शिकवू नका, नरांपासून लांब बांधा, रपेट साधी ठेवा. बहुतेक घोडींना एवढ्याने भागतं. त्रास रोजचाच असेल तर घड्याळाला दोष देऊ नका, ते निर्दोष आहे.

मग बघायचं ते असं. खोगीर: पाठीच्या कण्यावर टेकतं का, खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा चट्टा राहतो का? कोरडा चट्टा म्हणजे बऱ्याचदा तिथे दाब इतका की घामच सुटला नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती वळून चावायला येते, चंदी अर्धी टाकते, पोटाकडे बघते? जठरातल्या अल्सरचा संशय घ्या. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. दिवसभर मेखेला बांधून सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याचा भरडा आणि मधे कोरडं तोंड, ही आपल्याकडची पद्धत अल्सरला आमंत्रणच आहे. गवत किंवा कडबा थोडा थोडा दिवसभर समोर असला पाहिजे. असे कित्येक "मूड" चाऱ्याने आणि औषधाने सुटतात. दात आणि पाठ तपासणं हेही याच यादीतलं.

क्वचित एक खरंच वेगळी गोष्ट निघते. घोडी अचानक नरासारखी वागायला लागते: मान जाड होते, दुसऱ्या घोड्यांवर चढते, अंगावर येते. बीजकोशात एक प्रकारची गाठ झाली तर असं होतं. सोनोग्राफीत एक बीजकोश मोठा आणि दुसरा आक्रसलेला दिसतो. गाठ सहसा पसरणारी नसते. तो बीजकोश काढला की घोडी हळूहळू पूर्ववत होते.

माज थांबवायचे उपायही लोक विचारतात. अल्ट्रेनोजेस्ट नावाचं औषध रोज तोंडातून देतात, ते काम करतं. पण ते कातडीतून माणसाच्या अंगातही उतरतं, म्हणून हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही, आणि गरोदर बाईने त्याच्या जवळही जायचं नाही. गर्भाशयात काचेची गोटी ठेवण्याचा उपाय मधे फार गाजला. त्याचा भरवसा नाही, गोटी आत फुटल्याची उदाहरणं आहेत, करू नये. दोन्ही बीजकोश काढून टाकले की माज कायमचा बंद, असंही सांगितलं जातं. तेही पुरतं खरं नाही. गायीत लागू पडणारं इथे उलटतं: घोडीला माजापासून आवरून धरणारं संप्रेरक बीजकोशातूनच येतं, ते गेल्यावर काही घोड्या अधूनमधून, काही तर सतत माजाची लक्षणं दाखवतात.

घोडीची बाजू आणखी एका गोष्टीने भक्कम होते. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत, जर्मनीचा हान्स गुंटर विंकलर पहिल्या फेरीत जबर दुखावला, धड बसताही येईना. शेवटची फेरी त्याच्या हल्ला नावाच्या घोडीने जवळजवळ एकटीने निभावली आणि सुवर्ण मिळवून दिलं. टोकियो आणि पॅरिस, लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण डालेरा या घोडीला मिळालं. घोडी कामाला लागली की मनापासून लागते, असं अनुभवी स्वार सांगतात. तिला दटावण्यापेक्षा समजावलेलं चालतं. हे मोजून सिद्ध झालेलं नाही, पण तंतोतंत खोटंही वाटत नाही.

## "शिंगरू मिळेल, म्हणजे घोडी फायद्याची"

हिशेब मांडून बघा. घोडीचं गाभणपण ११ महिन्यांचं, म्हणजे ३३५ ते ३४२ दिवस, कधी वर्षापर्यंत. हलकी रपेट साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत चालते, नंतर बंद. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ झपाट्याने वाढतो, खुराक वाढवावा लागतो. व्याल्यावर दुधाचे पाच-सहा महिने, त्यातही खुराक भरपूर हवा. म्हणजे बसण्यासाठी घेतलेली घोडी जवळजवळ वर्षभर बसायला नाही. शिंगरू पाठीवर माणूस घ्यायला तीन वर्षं घेतं, आणि त्या तीन वर्षांत त्याला हाताळायला जाणता माणूस लागतो. लाडाने वाढवलेलं, चावणारं, दोन पायांवर उभं राहणारं दोन वर्षांचं शिंगरू बाजारात कवडीमोल विकलं जातं.

जुळ्यांचं वेगळंच. गायीला जुळं झालं की पेढे वाटतात. घोडीला जुळं म्हणजे संकट: बहुतेक वेळा गर्भ पडतो, नाहीतर दोन्ही पिल्लं अशक्त जन्मतात आणि घोडीचा जीवही टांगणीला लागतो. म्हणून घोडी लावल्यावर १४ ते १६ व्या दिवशी सोनोग्राफी करायचीच. तेव्हा दोन दिसले तर डॉक्टर एक चिरडून दुसरा वाचवू शकतात. महिना उलटला की ते फार अवघड होतं.

पैदास करायची असेल तर जरूर घोडी घ्या. पण पैदास हा वेगळा धंदा आहे, घोडी घेतल्याचा जोडनफा नव्हे.

## "मुक्या जनावरावर हा अन्याय नाही का"

आक्षेप प्रामाणिक आहे. पण अंडील घोडा आपल्याकडे कसा जगतो तेही डोळ्यांसमोर आणा. अगाडी-पिछाडीने चारी बाजूंनी बांधलेला, दुसऱ्या घोड्याला नाक लावायची मुभा नाही, बाहेर काढायचा तर दोन माणसं दोन बाजूंना. घोडा कळपात राहणारा प्राणी. खच्ची घोडा इतरांबरोबर सोडता येतो, अंग खाजवून घेतो, लोळतो. एका दिवसाची शस्त्रक्रिया आणि वीस वर्षांचा एकांत, यातला कुठला अन्याय मोठा ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्या मते ज्याची पैदास करायची नाही त्याला अंडील ठेवणं हाच निष्काळजीपणा आहे, जनावराशीही आणि त्याला धरणाऱ्या मोतद्दाराशीही.

अट एकच: भूल देऊन, पशुवैद्यकाच्या हातून.

## शस्त्रक्रिया: काय होतं आणि काय बिघडतं

बैलाचा चिमटा घोड्याला लावायचा नाही. बैलाची वृषणाची पिशवी लोंबती, तिला वर निमुळता गळा असतो, त्यामुळे बाहेरून नस चिरडता येते. घोड्याची पिशवी अंगालगत असते, तिथे चिमटा नीट बसत नाही.

वय सहा महिने ते दोन वर्षं हे सगळ्यात सोयीचं. मोठा घोडाही करता येतो, पण रक्तवाहिन्या जाड झालेल्या असतात, सूज आणि रक्तस्राव जास्त. आधी दोन्ही वृषण पिशवीत उतरलेत का ते हाताने बघतात. एकच सापडला तर दुसरा पोटात किंवा जांघेत अडकलेला असतो; अशा वेळी सापडलेला तेवढा काढून मोकळं व्हायचं नाही. आतला राहिला तर घोडा दिसतो खच्ची आणि वागतो अंडीलसारखा. हे काम सोयी असलेल्या पशुरुग्णालयातच व्हावं.

धनुर्वाताची लस आधी झालेली पाहिजे. सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वात नाजूक. चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि मग शस्त्रक्रिया. घाई असेल तर डॉक्टर त्याच दिवशी प्रतिविष टोचतात.

झायलाझीन आणि केटामीन ही भुलीची औषधं देऊन घोड्याला आडवा करतात. काही डॉक्टर उभ्यानेच, गुंगी आणि जागेवरची भूल देऊन करतात. वृषणाची दोरी एका खास चिमट्याने एकाच वेळी चिरडून कापली जाते. मग मालक दचकतो, कारण कातडीला टाके घातलेले नसतात. ही चूक नव्हे. जखम मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे आतलं पाणी वाहून जातं. ती लवकर मिटली तरच बिघडतं.

पहिला दिवस पूर्ण विश्रांती, स्वच्छ कोरड्या जागेत. दुसऱ्या दिवसापासून चालवायचं: सकाळ-संध्याकाळ १५ ते २० मिनिटं, दोन ते तीन आठवडे. बिचाऱ्याला दुखत असेल म्हणून बांधून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. न चालवलेल्या घोड्याची सूज मांडीपर्यंत उतरते. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, तेवढी अपेक्षितच. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, चारा सोडला, मागचे पाय ताठ पडायला लागले तर जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांना बोलवा.

रक्ताचा नियम सोपा आहे. थेंब मोजता येतात तोवर ठीक. धार लागली आणि १५-२० मिनिटांत थांबली नाही तर फोन करा. आणि जखमेतून आतडं किंवा जाळीसारखं काही लोंबताना दिसलं तर घोडा जागचा हलवू नका, काही कापू नका. स्वच्छ ओल्या चादरीत ते वर झेलून धरा आणि डॉक्टर येईपर्यंत तसंच राहा. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत.

शस्त्रक्रियेनंतर निदान महिनाभर त्याला घोडीपासून दूर ठेवा. नळ्यांमध्ये उरलेलं वीर्य तेवढे दिवस कामाचं असू शकतं.

पुढे आयुष्यभराचं एक छोटं काम: खच्ची घोड्याच्या लिंगाच्या कोशात मळ साचतो, कधी त्याचा वाटाण्याएवढा खडा होऊन लघवी अडते. वर्षातून एक-दोनदा कोमट पाण्याने, हाताला पिशवी घालून धुवावं. घोडी या बाबतीत सुटसुटीत. मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे मूतखडाही तिला कमी अडतो.

## बाजारात उभं राहिल्यावर

पहिलाच घोडा असेल, घरात मुलं बसणार असतील, तर आमची पसंती या क्रमाने: खच्ची, तो नाही मिळाला तर सहा वर्षांच्या पुढची, काम केलेली घोडी, आणि अंडील नाहीच. अंडील घोडा वाईट असतो म्हणून नव्हे. त्याला रोज जाणता माणूस लागतो, आणि नव्या मालकाकडे नेमकं तेच नसतं.

खच्ची मिळण्याची एक जागा म्हणजे मुंबई-पुण्याच्या रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड. त्यांच्यात खच्ची बरेच असतात. पण ते तापट रक्ताचे, पळायला शिकवलेले, आणि पुढच्या पायांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) बऱ्याचदा दुखावलेल्या. रायडिंग स्कूलमध्ये वर्ष-दोन वर्षं मुरलेला मिळाला तर विचार करा, थेट रेसकोर्सवरून आणू नका.

यात्रेत खच्ची म्हणून दाखवला तर पिशवीची जागा हाताने बघा, व्रण दिसला पाहिजे. वागणं संशयास्पद असेल तर रक्त तपासून टेस्टोस्टेरॉन मोजता येतं. घोडी असेल तर गाभण आहे की नाही याची सोनोग्राफी विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. "गाभण आहे" आणि "नाही" ही दोन्ही वाक्यं सोयीनुसार बोलली जातात. फार शांत वाटणारं जनावर दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता जाऊन पुन्हा बघा. खालचा ओठ सैल, मान खाली, नराचं लिंग बाहेर लोंबलेलं, हे गुंगीच्या इंजेक्शनचं लक्षण असू शकतं. आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. हा रोग माणसाला होतो, बाधित घोड्याला ठेवता येत नाही.

बहुतेकांना शेवटी बाजारात मिळतो तो दीड-दोन वर्षांचा अंडील बछेरा. हरकत नाही, त्यातही वेळ साधता येतो. डिसेंबरात घेतलात की दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा आणि धनुर्वाताचा पहिला डोस लगेच द्या. जानेवारीच्या मध्याला दुसरा. महिनाअखेरीस शस्त्रक्रिया: हवा कोरडी, चिखल नाही, माशा कमी. फेब्रुवारी संपता संपता जखम भरलेली असते, आणि होळीनंतर माशा वाढतात तेव्हा त्यांना बसायला जागा उरलेली नसते. पावसाळ्यावर ढकललंत तर अळ्या धुवायची तयारी ठेवा.